ब्लोअर फक्त चारवर चालतो तेव्हा

मंडळी, यवतमाळात गाडीचा हीटर लावतो कोण, म्हणाल! पण हीटरचा आणि एसीचा ब्लोअर एकच. मे महिन्यात तो बंद पडला की वणीपर्यंत जाणंही नकोसं होतं.

ब्लोअर एक-दोन-तीनवर गप्प आणि चारवर मात्र जोरात चालत असेल, तर मोटर बहुधा शाबूत असते, गेलेला असतो रेझिस्टर. (साध्या नॉबच्या गाड्यांचं सांगतोय.) कमी वेगाला वीज त्याच्यातून जाते, चारवर थेट मोटरला. तरी काही गॅरेजवाले सरळ अख्खी मोटर बदलायला सांगतात. न तपासता ऑपरेशन सांगणाऱ्या डॉक्टरचं आपण ऐकतो का?

रेझिस्टर पुन्हा पुन्हा जळतो? तो ब्लोअरच्याच हवेनं थंड होतो. धुळीनं फिल्टर तुंबला किंवा मोटर जड फिरू लागली की जळणारच. तेही बघायला लावा.

आणि फ्यूज उडाला म्हणून जास्त अँपिअरचा घालणं किंवा नुसती तार गुंडाळणं, हा शुद्ध वेडेपणा. फ्यूज उडतो तो वायर वाचवायला. तो उडाला नाही तर डॅशबोर्डमागे वायर पेटते, आणि पुढच्या सीटवर आपलंच कोणीतरी बसलेलं असतं.

असो. आमचा मिस्त्री आधी टेस्ट लॅम्प लावून बघतो, मगच पान्याला हात घालतो. म्हणून गाडी त्याच्याकडेच.