काढ्याला आपण औषध का म्हणत नाही?

माझे मामू पौडच्या पुढच्या एका गावात राहतात. कोरोनाची दुसरी लाट ओसरली तेव्हा त्यांचे डोळे पिवळे झाले. नेहमीप्रमाणे कावीळ उतरवणारा गाठला गेला, गळ्यात माळ आली, तेल-तिखट बंद झालं. पंधरा दिवसांनी लघवी गडद व्हायला लागली, तेव्हा कुठं आम्ही त्यांना पुण्याला आणलं.

तिथल्या तरुण डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, ‘किती पिता?’ शेजारी मामी, मुलगा आणि जावई. ‘तौबा, हात पण लावत नाही,’ म्हणून मामू गप्प झाले. दुसरा प्रश्न, ‘काही औषधं चालू?’ मामी म्हणाल्या, ‘काहीच नाही.’

त्या खोटं बोलत नव्हत्या. चार महिने मामू रोज सकाळी गुळवेलीचा काढा घेत होते, पण काढा म्हणजे औषध हे घरात कुणाच्याच डोक्यात नव्हतं.

औषधानं यकृत बिघडलं हे ठामपणे सांगणारी एकही रक्ततपासणी नाही. आधी बाकीची कारणं बाजूला करावी लागतात. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई तपासायचे, सोनोग्राफीत पित्तनलिका मोकळी आहे का पाहायचं, स्वतःचीच प्रतिकारशक्ती यकृतावर उलटली आहे का तेही बघायचं. रिपोर्टमधले दोन आकडे थोडी दिशा देतात. दारूनं यकृत सुजलं की एसजीओटी बहुधा एसजीपीटीच्या दुपटीच्या आसपास असतं आणि दोन्ही सहसा चारशेच्या आत राहतात. मामूंचं एसजीपीटी अकराशे होतं, एसजीओटी आठशे. चित्र दारूचं नव्हतं.

मग एका ज्येष्ठ डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं आणि मामूंना एवढंच विचारलं, ‘गेल्या सहा महिन्यांत तोंडातून काय काय गेलं?’ तिथं काढा निघाला. तो बंद केला. काही आठवड्यांत आकडे खाली आले. बंद केल्यावर सुधारणं, हाही या निदानातला मोठा पुरावा असतो.

मामू एकटे नव्हते. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृत बिघडलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला. वनस्पती नीट ओळखली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात असू शकते, असं म्हटलं. पुढच्याच वर्षी देशातल्या १३ केंद्रांमधून अशा ४३ रुग्णांचा अभ्यास आला. गुळवेल घेणाऱ्या प्रत्येकाला त्रास होतो असा याचा अर्थ नाही. पण ‘झाडपाल्याचं आहे, त्यानं काय होणार?’ हे वाक्य आता आपण सोडून द्यायला हवं. आणि वेल ओळखण्यात तज्ज्ञांचाच वाद होत असेल, तर बांधावरून तोडून आणणाऱ्या आपली काय कथा?

मला जास्त खुपतो तो पहिला प्रश्न. समजा मामू खरंच पीत असते, तर मामी आणि जावयासमोर त्यांनी काय सांगितलं असतं? तेच. आपल्या समाजात पिणारे आहेत, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. मोहल्ल्यात त्या झाकण्यानं अब्रू राहते, दवाखान्यात त्याच झाकण्यानं जीव जाऊ शकतो. उलट बाजूही तितकीच वाईट. समोर मजूर दिसला की ‘दारूच असणार’ म्हणून शोध थांबवला, तर टीबीच्या गोळ्या, नाव नसलेली पुडी, किंवा सर्दी-अंगदुखीच्या दोन वेगळ्या गोळ्यांतून पोटात गेलेलं दुप्पट पॅरासिटामॉल कोण शोधणार?

म्हणून डॉक्टरांनी हा प्रश्न रुग्णाला एकट्याला आणि हिणवल्याशिवाय विचारावा. आपण घरातल्या गोळ्या, काढे, चूर्ण, हकीमसाहेबांचं माजून, सगळं एका पिशवीत भरून टेबलावर ठेवावं. टीबीच्या गोळ्या मात्र मनानं बंद करू नयेत. मळमळ, भूक मंदावणं, पिवळेपणा दिसला की त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मामू आता बरे आहेत. मामींनी ती वेल तोडली नाही. पण परवा कुणीतरी ‘काही औषधं चालू?’ विचारलं, तेव्हा त्यांनी आधी स्वयंपाकघरातल्या बरण्या मोजल्या.