स्टिअरिंगच्या भेगा

अलिबागच्या घरी बाबांची प्रीमियर पद्मिनी उभी असते. स्टिअरिंगला भेगा पडल्यात. "कव्हर चढवा दादा, विषय संपला," इति मेकॅनिक. मला नाही पटत. आतली कडी लोखंडाची. खाऱ्या हवेत कव्हरखाली गंज गुपचूप वाढतो, फुगतो, वरचं प्लॅस्टिक आणखी फाडतो. (बग तसाच, वर नवा यूआय!) त्यापेक्षा भेग कानशीने रुंद करा, गंज खरवडा, एपॉक्सी भरा, २४ तास हात लावू नका, मग १२० आणि ४००चा पॉलिश पेपर. रंग शेवटी. ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. असं चाक आता भंगारात शोधावं लागतं. एके ठिकाणी बाबांच्या अंगठ्याने खळगा पडलाय. बाबा आता गाडी चालवत नाहीत. तो भरायचा की नाही, यावरून आईशी माझा वाद अजून चालूच आहे.