वासराचा वाटा ठेवणार की नाही?

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने पापलेटला 'राज्यमासा' म्हणून घोषित केले. शेकरू, हरियाल, ताम्हण यांच्या पंक्तीला आता समुद्रातील एक जीव येऊन बसला. या घोषणेमागे पालघर जिल्ह्यातील मच्छीमारांचा आग्रह होता, आणि त्या आग्रहामागे गौरवापेक्षा व्यथा अधिक होती. ज्या सातपाटीचे नाव पापलेटमुळे दूरवर पोहोचले, तेथील तांडेलांना जाळ्यात येणारी मासळी वर्षागणिक कमी आणि लहान होत असल्याचे दिसत होते. राजचिन्ह म्हणून मिरवायचा जीव समुद्रात शिल्लक तरी राहावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

आमच्या वाचकांपैकी अनेकजण शाकाहारी आहेत. त्यांना हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. परंतु झाईपासून रेड्डीपर्यंतच्या ७२० किलोमीटर किनाऱ्यावर कोळी, भंडारी, गाबित अशा अनेक समाजांचा संसार याच मासळीवर उभा आहे. या देशाच्या सागरी सीमेवरचा पहिला जागता डोळा हाच समाज आहे. तो किनारा सोडून गेला, तर हानी केवळ ताटातल्या पदार्थाची होणार नाही.

कोची येथील केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्था १९४७ पासून आपल्या समुद्राचा अभ्यास करीत आहे. तिच्या नोंदींनुसार महाराष्ट्रात २०१७ साली ३.८१ लाख टन मासळी किनाऱ्याला लागली. २०१८ साली २.९५ लाख टन, तर २०१९ साली अवघी २.०१ लाख टन. गेल्या पंचेचाळीस वर्षांतील तो नीचांक होता. त्या वर्षी 'क्यार' आणि 'महा' ही चक्रीवादळे लागोपाठ आली, नौका बंदरात अडकून पडल्या, हे खरे आहे. सगळा दोष जाळ्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. पण २०१८ ची घसरण त्या वादळांच्या आधीची आहे, हेही विसरता येत नाही.

ही मोजणी होते तरी कशी, हे समजून घेण्यासारखे आहे. समुद्रातले मासे कोणी मोजू शकत नाही. म्हणून संस्थेचे कर्मचारी ठरावीक पद्धतीने निवडलेल्या बंदरांवर, निवडलेल्या दिवशी जातात, उतरलेल्या मासळीचे वजन आणि लांबी नोंदवतात, अंडाशय किती पक्व आहे ते पाहतात. माशाच्या कानात एक बारीक खडा असतो. झाडाच्या खोडासारखी त्यावर वाढीची वलये उमटतात आणि त्यावरून वय काढता येते. वय आणि लांबी कळली की साठा किती वेगाने वाढतो, आपोआप किती मरतो आणि जाळे किती नेते, याचा ताळा मांडता येतो. त्यातून एकच प्रश्न सोडवायचा असतो: दरवर्षी किती काढले तर पुढच्या वर्षी तितकेच पुन्हा मिळेल?

एप्रिल १९६५ मध्ये पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी मुंबईतच दिलेल्या एकात्म मानववादावरील व्याख्यानांत नेमका हाच विचार मांडला होता. निसर्ग स्वतःहून सहज भरून काढू शकेल एवढाच त्याच्या संपत्तीचा भाग वापरावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्या परिभाषेत याला दोहन म्हणतात. गाय दुभती असली तरी वासराचा वाटा ठेवूनच धार काढायची असते. वाटा न ठेवणारा गवळी दोन-चार महिने श्रीमंत होतो, इतकेच. मत्स्यशास्त्रज्ञ ज्याला कमाल शाश्वत उत्पादन म्हणतात, ते या दोहनाचेच गणित होय.

आता याच संस्थेने २०२२ साली देशातील १३५ मत्स्यसाठ्यांचे मूल्यमापन केले आणि त्यांपैकी ९१.१ टक्के साठे सुस्थितीत असल्याचा निर्वाळा दिला. मग सातपाटीचा तांडेल खोटे बोलतो काय? मुळीच नाही. देशाची सरासरी ही गावाची विहीर नव्हे. तारली आणि बांगडा लवकर वाढतात, लवकर अंडी घालतात. पापलेटला किंवा घोळीसारख्या मोठ्या मासळीला ते साधत नाही. सरासरीकडे पाहून निर्धास्त होणाऱ्या अधिकाऱ्यांनी कॅनडाचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे.

न्यूफाउंडलंडचा कॉड मासा शतकानुशतके युरोपला पुरत आला होता. १९७७ साली कॅनडाने २०० सागरी मैलांची हद्द जाहीर केली आणि परकीय जहाजांना बाहेर घालविले. राष्ट्रीय दृष्टीने ते योग्यच होते. पण त्यांच्या जागी स्वतःचे मोठे ट्रॉलर आले. ट्रॉलरांच्या भरघोस पकडीवर विसंबून शास्त्रज्ञांनी साठा प्रत्यक्षाहून मोठा मानला. किनाऱ्यालगत छोट्या होड्यांतून मासेमारी करणारे मात्र मासळी लहान होत चालल्याचे ओरडून सांगत होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. २ जुलै १९९२ रोजी सरकारला कॉडची मासेमारीच बंद करावी लागली. सुमारे तीस हजार माणसांची उपजीविका गेली. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली ती बंदी औपचारिकरीत्या उठली ती २०२४ साली.

हा धडा आपल्यालाही लागू आहे. खोल समुद्रात परवानापत्रावर जहाजे उतरवण्याची योजना केंद्र सरकारने २०१७ साली मोडीत काढली, याचे स्वागत स्वदेशीच्या प्रत्येक कार्यकर्त्याने केले. परंतु परकीय जहाज गेले म्हणून समुद्र वाचला, असे होत नाही. स्वदेशी मालकाचे पर्ससीन जाळेसुद्धा बांगड्याचा अख्खा थवा एका फेऱ्यात वेढते, आणि प्रखर दिव्यांनी मासळी गोळा करणारी नौका कोणत्या ध्वजाखाली आहे हे मासळी विचारत नाही. रापण ओढणाऱ्या गावाला त्या दिवशी रिकामे जाळे ओढावे लागते, आणि सिंधुदुर्गात हा संघर्ष हातघाईवर आला तो आपल्याच माणसांत.

कायदा नाही, अशी सबब महाराष्ट्राला सांगता येणार नाही. सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याच्या हद्दीतील पर्ससीन केवळ सप्टेंबर ते डिसेंबर या काळापुरते मर्यादित झाले आणि त्यांचे ४९४ परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणण्याचे ठरले. प्रखर दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ च्या सुधारणेने दंड लाखांच्या घरात नेला. २०२३ मध्ये ५४ प्रजातींची किमान लांबी ठरविण्यात आली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे वीतभराहून लहान मासळीही चालेल! एवढी सौम्य अट पाळणेही आपल्याला जड जावे?

केरळच्या राज्यकर्त्यांशी, मग ते कोणत्याही आघाडीचे असोत, आमचे मतभेद जगजाहीर आहेत. तरीही न्यायाने सांगायला हवे की किमान लांबीचा नियम त्या राज्याने २०१५ साली १४ प्रजातींसाठी केला आणि दोन वर्षांत तो ५८ प्रजातींवर नेला. आपल्याला त्यानंतर सहा वर्षे लागली.

जी गोष्ट कायद्याला आज जमत नाही, ती एके काळी सणाने साधत असे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावाचून होडी पाण्यात जात नसे. त्यामागे खवळलेल्या दर्याचे भय होते हे मान्य करू. पण अनेक जातींच्या मासळीला अंडी घालायला निवांत काळ मिळत असे, हेही खरे. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर केंद्राने १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी लागू केली. नारळी पौर्णिमा मात्र बहुधा ऑगस्टात येते, कधी महिनाअखेरीला. यांत्रिक नौका सणाची वाट पाहत नाहीत. आपल्या पूर्वजांचे पंचांग या बाबतीत सरकारी परिपत्रकापेक्षा उदार होते.

जागतिक व्यापार संघटनेत श्रीमंत राष्ट्रे भारताच्या मच्छीमाराला मिळणाऱ्या तुटपुंज्या साहाय्यावर बोट ठेवतात, तेव्हा त्यांच्या महाकाय जहाजांनी जगाचे समुद्र कसे उपसले याची आठवण करून देणे हे आपल्या प्रतिनिधींचे कर्तव्यच आहे. पण आपल्या बंदरावर बोटभर पापलेटची टोपली लिलावात निघत असेल, तर तेथे आपण कोणत्या तोंडाने बोलणार?

शासनाची गस्तनौका सगळ्या समुद्राला पुरणार नाही. मासळी मात्र कोठेही पकडली तरी बंदरावरच उतरते. म्हणून मोजपट्टी बंदरावर हवी, आणि ती मच्छीमार सहकारी संस्थेच्या हाती हवी. लिलाव तिच्या आवारात होतो, डिझेल तिच्याकडून मिळते, बर्फ तिच्याकडून मिळतो; लहान मासळी आणणाऱ्या नौकेला हे नाकारण्याचा ठराव संस्थेने केला, तर त्याची जरब कोणत्याही दंडापेक्षा मोठी असेल. त्या ठरावाला कायद्याचे पाठबळ देणे हे शासनाचे काम. सहकार भारतीने किनाऱ्यावरील संस्थांमध्ये हा विषय हाती घ्यावा. शास्त्रज्ञांनीही आपले अहवाल मराठीत, त्या त्या बंदराच्या आकड्यांसह, दरवर्षी हंगामापूर्वी तांडेलांसमोर वाचावेत आणि त्यांचे म्हणणे नोंदवून घ्यावे. न्यूफाउंडलंडला नेमके तेच घडले नाही. आणि ग्राहक पंचायतीसारख्या संघटनांनी मुंबई-ठाण्याच्या बाजारांत लहान पापलेट न घेण्याची मोहीम काढावी. त्यासाठी मासे खाणेच आवश्यक आहे, असे नाही.