काळ्या यादीचा न्याय

जुळे सोलापुरातील एखाद्या पदवीधराने नोकरीच्या अर्जाची कागदपत्रे मुदतीच्या आत ई-मेलने रवाना करावीत, त्याच्या यंत्रावर ती ‘पाठविली’ अशी नोंदही दिसावी, आणि पलीकडच्या कार्यालयात मात्र ती कोणाच्याच दृष्टीस पडू नयेत, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. लिपिक म्हणतो, पत्र आले नाही. तो खोटे बोलत नसतो. अर्जदारही खोटे बोलत नसतो. दोघांच्या मध्ये पुष्कळदा एक काळी यादी उभी असते आणि तिची दोघांनाही गंधवार्ता नसते.

अशा याद्या निघाल्या, त्याला सबळ कारण होते. मे १९७८ मध्ये अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने ‘अर्पानेट’ जाळ्यावरील शेकडो लोकांना एकच जाहिरात पाठविली. तेथून सुरू झालेल्या या आगंतुक टपालाचा, म्हणजेच ‘स्पॅम’चा, पुढे महापूर आला. १९९७ च्या सुमारास त्यावर तोडगा निघाला. उपद्रवी संगणकांचे आकडी पत्ते एका यादीत नोंदवायचे आणि पत्र घेणाऱ्या सर्व्हरने आधी त्या यादीला विचारायचे. पत्ता सापडला की पत्र दारातूनच परत. उपाय स्वस्त आणि बऱ्याच अंशी गुणकारी आहे, हे मान्य केलेच पाहिजे. या याद्या एका रात्रीत बंद केल्या, तर आपल्या टपालपेट्या उघडवणार नाहीत.

तथापि यादीत चढतो तो पत्ता, माणूस नव्हे. जुन्या पद्धतीचे असे पत्ते जगात सारे मिळून सुमारे ४२९ कोटी. त्यामुळे एकाच पत्त्याच्या आश्रयाने एखादी शाळा, एखादी पतसंस्था आणि एखादा चादरींचा व्यापारी असे अनेक भाडेकरू नांदत असतात. एकाने आगळीक केली की शिक्षा साऱ्या वाड्याला. काही याद्या तर सेवा देणाऱ्या कंपनीवर दडपण यावे म्हणून तिचे पत्ते सरसकट नोंदवितात. खरा उपद्रवी मात्र दुसऱ्यांच्या बाधित संगणकांवरून कारभार करतो आणि एक पत्ता उघडा पडताच दुसरा धरतो. सापडतो तो एका जागी राहणारा सरळमार्गी.

यादी चालविणाऱ्याला जाब विचारण्याची सोयही बहुधा नसते. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ओसिरुसॉफ्ट’ नावाची यादी बंद पडताना जगातील सर्वच पत्ते काळे ठरले, आणि तिच्यावर विसंबून असलेल्या सर्व्हरांनी निरपराध पत्रेही नाकारली.

नोंदीवरून माणूस ठरविण्याची रीत सोलापूरला अपरिचित नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने व्यक्तीच्या कृत्याऐवजी तिचा जन्मच नोंदवहीत चढविला. पुढे या शहरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. १९५२ मध्ये तो कायदा देशभर रद्द झाला. ‘सेटलमेंट’ हे नाव मात्र येथील वस्तीला आजही चिकटून आहे. पत्र अडणे आणि पिढ्यांचे आयुष्य अडणे यांची बरोबरी करणे म्हणजे त्या दुःखाची थट्टा होईल. परंतु एकाच्या दोषासाठी समूहाला धरणे आणि त्याचे म्हणणे न ऐकताच नोंद करणे, ही वृत्ती दोन्हीकडे एकच आहे. जिने या शहराला इतके शिकविले, ती नव्या वेषात आली तरी आपण ओळखली पाहिजे.

आपल्या न्यायव्यवस्थेनेही याचा विचार केलेला आहे. ‘एरुशियन इक्विपमेंट’ खटल्यात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, शासनाने कोणास काळ्या यादीत टाकण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. परदेशातील खासगी याद्यांना तो निकाल लागू नाही, हे खरे. पण त्या याद्या वापरणारी आपली विद्यापीठे, मंडळे आणि कार्यालये त्यातील तत्त्वाकडे पाठ फिरवू शकत नाहीत.

म्हणून यादीची नोंद हा एक पुरावा मानावा, निकाल नव्हे. पाठविणाऱ्याची ओळख आणि पत्रातील मजकूर यांच्याशी ती ताडून पाहावी. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक पत्रे पाठविणाऱ्यांना ओळखीचा तांत्रिक पुरावा सक्तीचा केला आहे; ही दिशा अधिक न्याय्य होय. पत्र नाकारलेच, तर ते निमूटपणे कचऱ्यात न टाकता कारणासह परत करावे. मुदतीच्या अर्जांना पोच द्यावी. पोच न मिळालेल्यास दूरध्वनीने अथवा समक्ष चौकशी करण्याचा मार्ग मोकळा ठेवावा. आणि संशयित टपालाची पेटी रोज एका जबाबदार माणसाने उघडून पाहावी.

या कामाला फार पैसा लागत नाही. लागते ती एवढीच जाणीव की, त्या पेटीत पडलेल्या शंभर जाहिरातींखाली एखाद्या विद्यार्थ्याचे सबंध वर्ष दडपलेले असू शकते.