विश्लेषण : कोकणातील ‘अनटच्ड’ किनारे इतकी वर्षे कुणामुळे वाचले? खाड्या, जंगलजेट्टी आणि येणारे पूल

दिवाळीची सुटी लागली की मोबाइलवर ‘कोकणातला हा बीच कुणालाच माहीत नाही’ अशा रील्स सुरू होतात. लोकेशन टॅग केलेले असते, त्यामुळे पुढच्या शनिवारी तो सगळ्यांना माहीत होतो. मग आणखी एक ठरलेली बातमी येते : भरतीच्या पाण्यात एसयूव्ही अडकली, ट्रॅक्टरने बाहेर काढली. पण हे किनारे इतकी वर्षे स्वच्छ आणि मोकळे राहिले ते नेमके कशामुळे?

श्रेय खाड्यांचे

महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटरचा किनारा आहे आणि तो सलग नाही. बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशा खाड्यांनी त्याचे तुकडे केले आहेत. समोरचे गाव डोळ्यांना दिसते, पण रस्त्याने जायचे तर खाडीला मोठा वळसा घालावा लागतो. जंगलजेट्टीमुळे वळसा वाचला, तरी फेरीत मावतील तेवढीच वाहने पलीकडे जातात आणि शेवटची फेरी चुकली की मुक्काम ठरलेला. म्हणजे गर्दीवर मर्यादा होती, पण ती कुणी ठरवून घातलेली नव्हती.

आता ही मर्यादा जाणार आहे. रेवस ते रेडी हा सुमारे ५०० किलोमीटरचा सागरी महामार्ग बॅ. अंतुले यांच्या काळापासून चर्चेत आहे. त्यातील खाडीपुलांना आता वेग आला आहे. स्थानिकांसाठी पूल हवाच. रात्री-अपरात्री रुग्णाला घेऊन जेट्टीवर थांबावे लागलेल्या माणसाला ‘किनारा निसर्गरम्य राहू दे’ असे सांगणे हा शहरी उद्धटपणा आहे. वाद पुलाचा नाही. पूल उतरतो तिथे गाडी कुठे थांबणार, हे कुणीच ठरवलेले नाही, खरी अडचण ती आहे.

‘सीआरझेड’ पुरेसा नाही का?

२०१९च्या सीआरझेड अधिसूचनेनुसार २०११च्या जनगणनेत दर चौरस किलोमीटरला २,१६१पेक्षा जास्त लोकसंख्या असलेल्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून ५० मीटर, तर त्याहून विरळ वस्तीच्या भागात २०० मीटर ना-विकास क्षेत्र असते. रत्नागिरी जिल्ह्याची घनता १९७ आणि सिंधुदुर्गची १६३. म्हणजे सर्वसाधारणपणे इथे २०० मीटरचीच मर्यादा लागू होते. हे चांगलेच आहे. पण हा नियम मुख्यतः बांधकामाचा आहे. थारची चाके, डीजे, बिअरच्या बाटल्या, रात्रीचे फ्लडलाइट यांना तो थांबवत नाही.

गाडीने असे काय बिघडते?

आधी गाडीचे बघू. ओल्या वाळूतले पाणी वाळूच्या कणांमध्ये असते. भरती चढू लागली की ते वाढते, कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि कडक वाटलेली जमीन चाकाखाली मऊ होते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. ‘काल याच वेळी गाडी घातली होती’ या हिशेबावर विसंबणारे अडकतात ते यामुळेच.

पुळणीचे नुकसान मात्र ट्रॅक्टरने निघत नाही. भरतीरेषेच्या वर पसरलेली मर्यादवेल वाळू धरून ठेवते. चाकांनी ती तुटली की वारा वाळू उडवतो आणि सुरूच्या बनाच्या मुळाशी समुद्र येतो. त्याच पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवे हिवाळ्यापासून अंडी घालतात, एका घरट्यात शंभरच्या आसपास. सुमारे ५० दिवसांनी पिल्ले निघतात आणि पाण्याच्या उजेडाकडे धावतात. हॉटेलचा दिवा जास्त प्रखर असेल तर ती उलट्या दिशेला जातात. टायरची खोल चाकोरी म्हणजे त्यांच्यासाठी खंदकच. रापण ओढणाऱ्यांनाही मोकळा किनाराच लागतो, याचा रीलवाल्यांना पत्ता नसतो.

मग मार्ग काय?

मंडणगड तालुक्यातील वेळासने २००२पासून उत्तर शोधले आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या पुढाकाराने घरटी जाळीच्या कुंपणात सुरक्षित केली गेली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावातल्या घरांत राहतात, मोदक-सोलकढी खातात आणि पिल्ले सोडताना दोरीच्या मागे उभे राहतात. पैसा गावातच राहतो. त्यामुळे नियम पाळून घेण्यात गावाचा स्वार्थ आहे, आणि पर्यावरणाच्या फलकापेक्षा स्वार्थ जास्त टिकतो.

म्हणून वाहनतळ सुरूच्या बनाच्या अलीकडे, गावाच्या बाजूला हवा. त्याचे शुल्क ग्रामपंचायतीला मिळावे आणि त्यातून कचरा उचलणाऱ्याचा पगार व जीवरक्षकाचे मानधन निघावे. पुळणीच्या तोंडाशी दोन दगडी खांब रोवले तरी गाडी आत जाणार नाही. हा खर्च पुलाच्या अंदाजपत्रकात शोधूनही सापडणार नाही इतका किरकोळ आहे.

बाणकोट खाडीवरील पुलाचे काम वर्षानुवर्षे रखडले होते. तो पूर्ण झाला की श्रीवर्धन, हरिहरेश्वरकडून निघालेली गाडी जेट्टीची रांग न लावता थेट बाणकोटला उतरेल. तिथून वेळास अगदी जवळ आहे. वेळासच्या पुळणीवरची दोरी आजवर पायी आलेल्या माणसांसाठी होती.