बावटा नसलेला डोंगर

बद्रीनाथच्या पुढे, तिबेटच्या सरहद्दीकडे माणा नावाचे गाव आहे. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी तेथे सीमा रस्ते संघटनेच्या कामावरील मजुरांच्या छावणीवर डोंगरउतारावरचा बर्फ कोसळला. ५४ माणसे त्यात सापडली. लष्कराने आणि इतर पथकांनी शर्थ करून ४६ जणांना वाचवले. आठ जण दगावले. वृत्तपत्रांतून बचावकार्याचे यथोचित कौतुक झाले. त्या बातम्यांच्या तळाशी एक ओळ होती, तिच्याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. चंदीगडच्या ‘डीजीआरई’ या संरक्षण खात्याच्या संस्थेने आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता चमोली जिल्ह्याचे नाव घेऊन, २४०० मीटरहून उंच भागासाठी, पुढल्या चोवीस तासांचा हिमस्खलनाचा इशारा दिला होता. माणा आहे साधारण ३२०० मीटरवर.

पोटासाठी राबणाऱ्या मजुराला आपली छावणी कुठे असावी हे ठरवता येत नाही. त्याच्यासाठी ते दुसऱ्या कुणी ठरवायचे असते, आणि तो एक स्वतंत्र आणि गंभीर विषय आहे. पण स्वखुशीने, पदरचे पैसे मोडून, ऐन जानेवारी-फेब्रुवारीत हिमालयात जाणाऱ्या माणसावर तशी सक्ती नसते. त्याच्या खिशातल्या फोनवर तोच इशारा येतो. तरीही तो पुढे जातो. असे का व्हावे?

घोडबंदरला खाडीकाठी राहणाऱ्या माणसाने बर्फाची चिंता का करावी, असे कुणी विचारील. आमच्या किल्ल्याची टेकडी ती केवढी! तिच्यावर उभे राहिले की खाली वसईची खाडी आणि मागे राष्ट्रीय उद्यानाचे जंगल. बर्फ दिसायचा तो मासळीच्या पेटीत. पण गेल्या काही वर्षांत काशिमिरा, मीरा रोड आणि ठाण्यापर्यंतच्या या पट्ट्यातली तरुण मुले-मुली डिसेंबर उजाडला की केदारकंठा, ब्रह्मताल, मनालीच्या वरचे डोंगर यांच्या गोष्टी करू लागतात. पूर्वी हिवाळ्यातला हिमालय ही लष्कराची आणि मोजक्या गिर्यारोहकांची बाब होती. रोहतांगची खिंड बर्फाने बंद झाली की लाहौलचा जगाशी संबंध तुटे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि भर हिवाळ्यात पर्यटकाची गाडी सिस्सूपर्यंत जाऊ लागली. रस्ता पोहोचला की माणसाला वाटते, आपल्याला परवानगीच मिळाली.

मी स्वतः तरुणपणी मनालीला प्राथमिक अभ्यासक्रम केला आणि नंतर बरीच वर्षे सह्याद्रीत भटकलो. त्यामुळे आसपासची मुले आपापले बेत घेऊन माझ्याकडे येतात. मुले गुणी असतात, काटक असतात. हरिश्चंद्रगड, रतनगड, अलंग-मदन त्यांनी पायाखाली घातलेले असतात. पण माझे मत असे बनले आहे, की सह्याद्रीने लावलेल्या उत्तम सवयीच हिवाळी हिमालयात उलट्या पडतात.

पहिली सवय पावसाची. आपल्याकडे पाऊस पडला की लोक डोंगरावर निघतात. खराब हवा हाच आपला उत्सव. हिमालयात ताजा बर्फ पडला की डोंगरापासून दूर राहायचे असते. आपोआप कोसळणारी बहुतेक हिमस्खलने बर्फवृष्टी चालू असताना किंवा त्यानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत होतात. नेमका तेव्हाच ढग निवळतो, आकाश निळेशार होते, उतार पांढरेशुभ्र चमकतात आणि ‘आज हवा मस्त आहे, चला’ असे प्रत्येकाला वाटते. त्या सुंदर सकाळीच धोका मोठा असतो.

दुसरी सवय नाळेची. सह्याद्रीत कडा टाळायचा तर नाळ धरायची, हे आपल्याला आजोबांपासून ठाऊक. दोन बाजूंना भिंती, मधून चढ, हाताला धरायला दगड. हिमालयात हिवाळ्यात नाळ म्हणजे बर्फाचा उतरायचा हमरस्ता. वरचा सगळा उतार तिच्यातूनच रिकामा होतो. तेथे धारेने चालावे, वारा खावा, दमावे, पण नाळेत शिरू नये.

तिसरी आडोशाची. गार वारा सुटला की आपण डोंगराच्या मागल्या बाजूला तंबू ठोकतो. हिमालयातला वारा समोरच्या बाजूचा बर्फ खरवडून नेतो आणि धारेपलीकडे, त्या आडोशाच्याच बाजूला आणून टाकतो. बर्फाची एक वडीही न पडता तेथे काही तासांत जाड, घट्ट थर साचतो. वरून तो भक्कम वाटतो. असा थर एकसंध लादीसारखा तुटतो, आणि हिमस्खलनात सापडून मेलेली बहुतेक माणसे या लादीखालीच मेलेली आहेत.

लादी तुटते का, हे घरातल्या भाषेत सांगता येईल. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फाचा थर पातळ असतो. खालची जमीन त्यामानाने उबदार, वरची हवा रात्री कडाक्याची गार. या फरकामुळे खालच्या बर्फातली वाफ वर सरकते आणि तळाशी एकमेकांना न चिकटणारे, साखरेसारखे मोकळे कण तयार होतात. मग भूमध्य समुद्राकडून एकामागून एक पश्चिमी झंझावात येतात आणि त्या कणांवर फूट-दोन फूट नवा बर्फ टाकतात. आपल्या स्वयंपाकघरात सिमेंटऐवजी रवा पसरून त्यावर फरशी बसवली आणि ती खोली तिरकी केली, तर काय होईल? उतार तीस अंशांपेक्षा कमी असेल तर फरशी बहुधा जागीच राहते. फार उभा असेल तर बर्फ साचतच नाही, थोडा थोडा आधीच घसरून जातो. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या मधला उतार मात्र वाईट, आणि दैवाची थट्टा अशी की चढायला सगळ्यांना आवडणारा उतारही हाच असतो. माणूस मधोमध पोहोचतो, खालचा रवा बसतो, पोटातून ‘धप्प’ असा आवाज येतो. अपघाताच्या दहातल्या नऊ प्रसंगी ती फरशी हलवणारा धक्का त्याच माणसाचा किंवा त्याच्या सोबत्याचा असतो. म्हणजे ‘दैवी आपत्ती’ हा शब्द येथे जपूनच वापरायला हवा.

गाडले गेल्यावर काय, याचे आकडे स्वित्झर्लंडमधील नोंदींवरून मांडले गेले आहेत. पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर दहातले नऊ वाचतात. पस्तिसाव्या मिनिटापर्यंत ते तीनवर येतात. याचा अर्थ हेलिकॉप्टर, लष्कर, कुत्री यांच्या येण्यावर हिशेब बांधता येत नाही. वाचवणारा बाजूला उभाच असायला हवा. त्याच्याकडे आणि गाडल्या गेलेल्याकडे दोघांकडेही संदेश देणारे-घेणारे यंत्र हवे, चाचपायला लांब सळई हवी आणि फावडे हवे. तिन्ही वस्तू प्रत्येकाकडे. आपल्याकडच्या व्यावसायिक ट्रेकमध्ये ही तिन्ही क्वचितच दिसतात. असली, तरी ती हाताळायचा सराव नसतो. तो घरूनच करता येतो. उत्तनच्या वाळूत एक यंत्र पुरून ठेवा आणि घड्याळ लावून शोधा. पहिल्या वेळी किती मिनिटे लागतात ते पाहून बऱ्याच जणांचा चेहरा उतरतो.

मागे आमच्या वसाहतीतली चार मुले मनालीच्या वर एका शिखराचा बेत घेऊन आली. कागद नीटनेटका होता. बोरिवलीहून गाडी, दिल्लीहून रात्रीची बस, एक दिवस विश्रांती, तीन दिवस डोंगर, परतीची बस, परतीची गाडी. सोमवारी सकाळी दहाला चौघेही कचेरीत हजर! मी विचारले, “यात बर्फ पडायचा दिवस कोणता?”

“म्हणजे काय काका?”

“म्हणजे दुसऱ्या दिवशी बर्फ पडला, तर थांबायला दिवस कुठे आहे?”

चौघांनी कागद पुन्हा पाहिला. तसा दिवस नव्हता. असल्या बेतात हवामानाचा इशारा मिळाला काय आणि न मिळाला काय, सारखेच. माणसे बेपर्वा नसतात; त्यांच्या वेळापत्रकात इशारा ऐकायला जागाच ठेवलेली नसते. तीन दिवस जास्तीचे नसतील तर हिवाळी शिखराचा विचार करू नये, असे मी त्यांना सांगितले. रजा नसेल तर शिखर सोडावे आणि जंगलातून जाणारी, तीस अंशांखालच्या उताराची वाट धरावी. बर्फ तोच, आनंदही काही कमी नाही.

मग आम्ही बसून काही गोष्टी लिहून काढल्या. चोवीस तासांत फूटभर बर्फ पडला, तर त्यानंतर दोन दिवस कुठल्याही उभ्या उतारावर जायचे नाही. वारा जोरात वाहिला तरी तसेच. शेजारच्या उतारावर ताजे हिमस्खलन दिसले किंवा पायाखाली तो ‘धप्प’ आवाज झाला, तर त्याच क्षणी मागे. शिखर पहाटेच्या काळोखात निघून गाठायचे आणि ऊन तापायच्या आत खाली यायचे. दुपारी बारा वाजता जेथे असू तेथून परत, शिखर शंभर पावलांवर असले तरी. संशयास्पद उतार ओलांडावाच लागला तर एकेकाने, बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभे राहून बघत. आणि चौघांपैकी एकानेही ‘नको’ म्हटले तर नकोच. बहुमत घ्यायचे नाही. हे घोडबंदरला पंख्याखाली बसून ठरवायचे, कारण चार हजार मीटरवर थकलेले, गारठलेले डोके नेहमी पुढे जाण्याच्या बाजूने वकिली करते.

इशारे देणारी यंत्रणा आपल्याकडे नाही असे कुणी समजू नये. बर्फाचा अभ्यास करणारी ‘सासे’ ही संस्था १९६९ मध्ये मनालीला सुरू झाली. तीच आता ‘डीजीआरई’त सामील झाली आहे. हिवाळ्यात तिची जिल्हावार पत्रके निघतात, हवामान खात्याचे अंदाज निघतात. पण पत्रक जिल्ह्याचे असते. तुमच्या समोरचा उतार ईशान्येला तोंड करून आहे, काल त्यावर वाऱ्याने लादी चढवली आहे, हे चंदीगडहून दिसत नाही. ते तेथे उभ्या असलेल्या माणसालाच पाहावे लागते. युरोपात रोजचे पत्रक पाच पायऱ्यांचे असते. तेथला अनुभव असा, की माणसे सर्वात जास्त मरतात ती पाचव्या पायरीला नव्हे. तेव्हा कुणी घराबाहेरच पडत नाही. बरेचसे बळी तिसऱ्या पायरीला जातात. ‘धोका आहे, पण फार नाही’ असे जेथे वाटते, तेथे.

अनुभवानेही हा प्रश्न पुरता सुटत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी गढवालमधील द्रौपदी का डांडा शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रगत अभ्यासक्रमाची तुकडी हिमस्खलनात सापडली. २९ जणांनी जीव गमावला. त्यात त्याच वर्षी एव्हरेस्ट आणि मकालू चढलेली सविता कंसवाल ही प्रशिक्षिका होती. देशातील नामवंत संस्था, शिकवणारे तयारीचे. तरी उतार तुटला. आणि केवळ हिमस्खलनच मारते असेही नाही. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये हिमाचलात रोहडूकडून बुरांची खिंड ओलांडून सांगल्याच्या बाजूला निघालेला तेरा जणांचा गट बर्फात अडकला. त्यात बहुतेक जण आपल्या महाराष्ट्रातले होते. तिघे गेले, दहा जणांना भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या मदतीने खाली आणता आले. त्याच आठवड्यात शेजारच्या उत्तराखंडात अतिवृष्टीने हाहाकार उडाला होता. खिंड ओलांडण्याच्या वाटेचा दोष हा, की अर्ध्यावर गेल्यावर पुढे आणि मागे दोन्हीकडे सारखेच अंतर उरते. म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर आल्या वाटेने परतता येईल असा डोंगर निवडावा, हे माझे आग्रहाचे मत आहे.

आमच्याकडे समुद्राच्या बाबतीत हा पेच शतकानुशतके विचारात घेतला गेला आहे. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की उत्तनची होडी निघत नाही. नाखवा धीट आहे की भित्रा, हा प्रश्नच येत नाही. पावसाळ्यात दोन महिने मासेमारी बंद, मग नारळी पौर्णिमेला नारळ. डिझेल भरून तयार असले, व्यापाऱ्याची उचल घेतलेली असली, तरी होडी वाळूवर. कोळीवाड्यात त्या दिवशी घरी बसणाऱ्याला कुणी हिणवत नाही. डोंगराला असा बावटा नाही. २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने महाराष्ट्रात उपक्रम भरवणाऱ्यांना नोंदणीचे बंधन आले, हे चांगलेच झाले. पण सांक्रीच्या किंवा सोलांगच्या उतारावर आज जावे की नाही, हे त्या कागदावरून ठरणार नाही.

तेव्हा बावटा घरच्यांनीच लावावा लागेल. आई-वडील साधारणपणे विचारतात ते थर्मलचे, औषधांचे आणि ‘पोचल्यावर फोन कर’ एवढेच. त्याऐवजी बेताचा कागद मागावा. त्यात राखीव दिवस किती, ते बोटाने मोजावेत. परतीचे तिकीट बदलता येण्याजोगे काढायला लावावे. जास्तीचे पैसे लागतात, ते घरातल्या मोठ्यांनी द्यावेत. कोणत्या परिस्थितीत मागे फिरणार हे मुलाला तोंडी विचारावे. त्याला चट्कन सांगता आले नाही तर त्याने ठरवलेले नाही असे समजावे.

आणि संयोजकांना पैसे भरण्यापूर्वी एक प्रश्न लेखी विचारावा: वाटाड्याने हवामान पाहून पायथ्यावरूनच गट परत आणला, तर पैशांचे काय? काही जण अर्धे परत देतात, काही पुढल्या मोसमात पुन्हा नेतात, काही उत्तरच देत नाहीत. शिखर झाले तरच वाटाड्याला बक्षिसी, अशी रीत काही ठिकाणी आहे. ती तुमच्या गटापुरती तरी मोडा. निघतानाच त्याला सांगा, की परत आणलेस तरी तेवढीच मिळेल, आणि ती रक्कम पाकिटात घालून पहिल्याच दिवशी त्याच्या हातात द्या.