नकाशा हिरवा, ठाणेदार लाल

सिंदखेडराजाला मोती तलावावर दहा मिनिटं ड्रोन उडवायचा, हौसेखातर. वारा बघितला, बॅटऱ्या भरल्या, डिजिटल स्कायचा नकाशा उघडला. सगळं हिरवं. बुलढाणा जिल्ह्यात विमानतळ नाही, त्यामुळे १२ किलोमीटरच्या पिवळ्या पट्ट्याची भानगड नाही. ४०० फुटांपर्यंत कुणाला विचारायचं कारण नाही. होम पॉइंट लॉक झाला आणि मागून शिपाई आला: "उतरवा, बंदी आहे." आदेश कुठे आहे? त्याच्या मोबाइलमध्ये. फॉरवर्ड होत आलेला फोटो, जावक क्रमांक पुसट, सही अर्धी कापलेली.

वाचकांच्या पत्रांत हाच प्रसंग आहे, फक्त गावं बदलतात.

ड्रोन नियम, २०२१ मध्ये तात्पुरत्या रेड झोनची तरतूद स्पष्ट आहे. पोलीस अधीक्षक किंवा समकक्ष दर्जाखालच्या अधिकाऱ्याला तो जाहीर करता येत नाही. एका वेळी ९६ तासांहून जास्त चालत नाही. क्षेत्र वाजवी ठेवायचं आणि ते नकाशावर दाखवायचं. प्रत्यक्षात चालतात ते मनाई आदेश. पूर्वी कलम १४४, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. मुदत दोन महिन्यांपर्यंत, हद्द बहुतेक वेळा अख्खा जिल्हा, आणि नकाशावर टिंबसुद्धा नाही. दौरा शेगावचा असला तरी लोणारच्या माणसाने ड्रोन पेटीतच ठेवायचा. मसुदाही मुंबईचा उचललेला, त्यामुळे ड्रोनशेजारी पॅराग्लायडर आणि हॉट एअर बलून असतातच. जिल्ह्यात बलून कुणी पाहिला असेल तर फोटो पाठवा, मुखपृष्ठावर छापू.

बंदी घालण्याच्या अधिकाराबद्दल वाद नाही. मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षानंतर ठिकठिकाणी बंदी आली, तेव्हा आपल्यातल्या कुणी कुरकुर केली नाही. २०२४ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात आणि पुणे-नगरकडे रात्रीच्या ड्रोनच्या धास्तीने गावं जागी राहिली, तेही आठवतं. पण बंदी आहे हे उडवणाऱ्याला उडवण्याआधी कळू नये, हा कुठला बंदोबस्त? परवानगी मागायला जावं तर ठाणेदार अधीक्षक कार्यालयाकडे बोट दाखवतात, तिथे 'आधी ठाण्याचा अभिप्राय आणा' म्हणतात, आणि अभिप्राय येईस्तोवर कार्यक्रम उरकलेला असतो.

आता आपल्याकडे. २५० ग्रॅमवरचं यंत्र घेऊन लग्नाचं शूटिंग करायचं, पैसे घ्यायचे, रिमोट पायलट प्रमाणपत्राचा पत्ता नाही, आणि अडवलं की 'हौसेखातर उडवतोय' म्हणायचं! प्रमाणपत्राची सूट बिगरव्यावसायिक मायक्रो ड्रोनला आहे, तुमच्या बिलबुकाला नाही. दंड एक लाखापर्यंत जाऊ शकतो. पालखीच्या गर्दीवर वीस फुटांवरून घिरट्या घालणाऱ्यांची बाजू हे मासिक घेणार नाही.

बाकीच्यांनी एवढं करा. निघण्याआधी नकाशाचा तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. ठाण्यात दोन ओळींचा लेखी अर्ज द्या आणि पोच मागा. कुणी अडवलं तर हुज्जत घालू नका, ड्रोन उतरवा. मात्र आदेशाची प्रत मागा आणि ती, नकाशाच्या स्क्रीनशॉटसह, आमच्याकडे पाठवा. दोन्ही शेजारी लावून आम्ही गृह विभागाला आणि डीजीसीएला देणार आहोत. तोंडी तक्रारी पुष्कळ झाल्या, कागद हवेत. आणि १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी सिंदखेडराजाला जाणार असाल तर अर्ज याच आठवड्यात टाका. ११ तारखेच्या रात्री आम्हाला फोन करू नका.